रोटे बेटावरच्या सासुरवाडीत संसार थाटायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळचे पुण्याचे, सध्या सिंगापुरात हॉटेलच्या नोकरीत. पत्नी इंडोनेशियातल्या रोटे बेटाच्या पश्चिम टोकाकडच्या एका गावची. मुलगी तीन वर्षांची. गाठीला साधारण 30 लाख रुपये. आता नोकऱ्या सोडून तिच्या माहेरी जायचं, समुद्री शेवाळाची शेती करायची, जोडीला दोन खोल्यांचा होमस्टे काढायचा. 'त्या गावात आम्हाला भवितव्य आहे का?' असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं तिमोर बेटावरच्या कुपांग शहरात राहून तिमोर, रोटे आणि साबू या बेटांवरच्या शेवाळ पिकवणाऱ्या कुटुंबांबरोबर काम करते. काम म्हणजे मुख्यतः त्यांच्या घरखर्चाच्या वह्यांत डोकं घालणं. त्यामुळे माझं उत्तर वहीतूनच येणार. निळा समुद्र आणि साधी माणसं तुम्ही पाहिलेलीच आहेत.

तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. या बेटावर कुठलंही कुटुंब एकाच उत्पन्नावर जगत नाही. पाच-सहा बारीक बारीक गोष्टी असतात, एक बुडाली की दुसरी तारते. तुम्ही मात्र एका, फार तर दोन धंद्यांवर, तेही दुसऱ्याच्या जमिनीवर उभं राहायला निघाला आहात. हे जमेल का, आणि नाही जमलं तर मुलीचं काय, हा खरा प्रश्न आहे.

आधी एक कबूल करते. बरंचसं गावावर अवलंबून आहे. नेम्बरालाच्या बाजूला उथळ, शांत पाणी आहे, सर्फिंगसाठी येणारे परदेशी आहेत. पूर्वेला पापेला हे मच्छीमारांचं गाव, तिथलं सगळं गणित वेगळं. आत डोंगराकडे गेलात तर समुद्राशी फारसा संबंधच नाही. पत्नीला भाऊ किती आणि त्यांच्याशी संबंध कसे, हेही तितकंच महत्त्वाचं. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी पश्चिम किनाऱ्यावरचं सर्वसाधारण गाव धरून चालते.

तिथलं वर्ष कसं जातं ते बघा. पाऊस डिसेंबर ते मार्च, बाकी सगळं कोरडं. पावसावर मका, जमेल तिथे भात. पाऊस संपला की ताड. हो, आपल्याकडे पालघरला ताडगोळे देतो तोच ताड. रोटेवर माणसं शतकानुशतकं त्याच्या जिवावर जगली. सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून रस उतरवायचा, थोडा ताजा प्यायचा, थोडा डुकरांना पाजायचा, उरलेला चुलीवर आटवून काकवी करायची. हिला तिथे 'गुला आइर' म्हणतात. मडक्यात भरून ठेवली की महिनोन्महिने टिकते, आणि धान्य संपतं त्या दिवसांत पाण्यात कालवून पितात. थोड्या रसाची 'सोपी' ही दारू गाळली जाते, तिच्यावर रोख पैसे मिळतात. डुकरं आणि कोंबड्या म्हणजे घरातली बँक. मुलाला शाळेत घालायचं, कुणाचं लग्न निघालं, की एक डुक्कर विकायचं. बायका माग लावून इकत विणतात. आणि घरटी कुणीतरी एक बाहेर असतो: कुपांगला, बालीला, मलेशियात. पूर्वी कोकणातली घरं मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायची तसं.

शेवाळ हे या रांगेत सगळ्यात उशिरा आलेलं, पण रोख पैशाच्या बाबतीत किनाऱ्यावर सगळ्यात मोठं. दोन खुंटांमध्ये दोरी ताणायची, तिला हातभर अंतराच्या आत रोपांचे तुकडे बांधायचे, 40 ते 45 दिवसांनी काढून वाळवायचं. ओल्या सात-आठ किलोंचं सुकून एक किलो होतं. व्यापारी ते घेतो, कुपांग किंवा सुराबायामार्गे बहुतेक माल चीनला जातो, तिथे त्यातून कॅराजिनन काढतात. आईस्क्रीम आणि टूथपेस्टला घट्टपणा येतो तो त्याने.

हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण वह्यांत दिसतात त्यापासून फार दूर नाहीत. तुमच्या 100 दोऱ्या धरा. रोपं परत लावायला ठेवून आणि नुकसान वजा जाऊन दोरीमागे 3 किलो सुकं, म्हणजे फेऱ्याला 300 किलो. भाव किलोला 12,000 रुपिया असेल तर 36 लाख रुपिया आले. हजार रुपिया म्हणजे आपले साधारण पाच रुपये, तेव्हा दीड महिन्याला 18 हजार रुपये. महिन्याचे 12 हजार. या पूर्व नुसा तेंगारा प्रांताच्या किमान वेतनाइतकेच, आणि तेही दोन माणसं रोज पाण्यात उतरून. 2022 मध्ये भाव 35 हजारांच्या पुढे गेला होता, तेव्हा हाच फेरा 50 हजार रुपयांवर जात होता. गावात नव्या मोटरसायकली आल्या, पत्र्याची छपरं आली. 2023 मध्ये भाव निम्म्याच्याही खाली आला आणि मोटरसायकलींचे हप्ते तसेच राहिले. तुम्ही कुठल्या वर्षी पाहुणे म्हणून गेला होतात, ते एकदा आठवून बघा. तेजीच्या वर्षी सासरेबुवांनी सांगितलेले आकडे धरून बेत आखलेला नसावा, एवढीच इच्छा.

शिवाय वर्षात आठ फेरे होत नाहीत. पावसाच्या महिन्यांत वारा पश्चिमेचा, लाटा मोठ्या, वाळवायला ऊन नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी तापलं की 'आइस-आइस' येतो: फांद्या पांढऱ्या पडतात आणि गळतात, आठवड्याभरात दोऱ्या रिकाम्या. चांगल्या वर्षी चार-पाच फेरे पदरात पडले तरी लोक खूश असतात. म्हणजे वरचे महिन्याचे 12 हजारही वर्षभर मिळायचे नाहीत.

याच्यावर मोठी संकटं वेगळी. 21 ऑगस्ट 2009 ला तिमोर समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत, मोंटारा तेलविहीर फुटली आणि दहा आठवड्यांहून जास्त काळ तेल वाहत राहिलं. रोटे आणि कुपांगच्या किनाऱ्यावरचं शेवाळ मेलं. रोटेच्याच एका शेतकऱ्याच्या नावाने 15,000 हून जास्त शेवाळ शेतकऱ्यांचा सामूहिक दावा ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात उभा राहिला. मार्च 2021 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये 19 कोटी 25 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. न्याय मिळाला, हे खरंच. पण मध्ये 13 वर्षं गेली. जी मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती ती तोवर मलेशियातल्या पामच्या मळ्यांत पोचली होती. मार्चमधल्या त्या निकालानंतर दोन-तीन आठवड्यांतच, एप्रिल 2021 मध्ये, सेरोजा चक्रीवादळ आलं. पूर्व नुसा तेंगारा प्रांतात 180 हून जास्त माणसं गेली. रोटे-साबूवर घरांची छपरं, होड्या आणि दोऱ्या गेल्या.

अशा दोन्ही वेळी कुटुंबं तगली ती ताडामुळे, डुकरांमुळे आणि बाहेर असलेल्या पोरांमुळे. माझा सगळा सल्ला या एका निरीक्षणावर उभा आहे. बाहेरून पैसे घेऊन येणारा माणूस बहुतेकदा नेमकं उलटं करतो: 500 दोऱ्या, मोठी होडी, मजूर, सगळं एकदम. पहिल्या आइस-आइसला त्याच्याकडे ना मका असतो ना डुक्कर.

होमस्टेबद्दल थोडक्यात. सर्फिंगची लाट जिथे फुटते तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर जागा असेल तर विचार करा. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. लाटेपासून पंधरा किलोमीटरवरच्या गावात, सासरे कितीही प्रेमळ असले तरी, कुणी येऊन राहत नाही. हॉटेलचा अनुभव तुमच्या कामी येईल, पण परवाना पत्नीच्या नावाने निघेल. परदेशी माणसाच्या नावावर कंपनी काढायची तर गुंतवणुकीची किमान अट 10 अब्ज रुपियांच्या वर आहे, म्हणजे आपले पाच कोटी. तो विषय इथेच मिटला. लग्नाच्या नात्याने राहण्याचा परवाना असलेल्याला कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी काम करण्याची मुभा 2011 च्या इमिग्रेशन कायद्यात आहे, तेव्हा पत्नीच्या धंद्यात हातभार लावायला तुम्हाला हरकत नाही.

आता जमीन. इथे जरा थांबून वाचा. 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकाची. तुम्ही पैसे देऊन मेहुण्याच्या नावावर जमीन घेतलीत तर ती मेहुण्याची. 'खरे मालक आम्ही' असा आतला कागद कायद्यापुढे टिकत नाही. पत्नीच्या नावावर घेतली तरी, लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची धरली जाते आणि त्यात अर्धा हिस्सा परदेशी माणसाचा येतो. म्हणून मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार लागतो. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे; 2016 मध्ये घटना न्यायालयाने लग्नानंतरही नोटरीपुढे करायला परवानगी दिली. तुम्ही केला नसेल तर जमिनीचा एक तुकडाही घेण्याआधी करा. पत्नीला वारसाने मिळालेली जमीन तिचीच राहते, पण रोटेवर कुळ बापाकडून चालतं. जमीन मुलग्यांना, घर बहुधा धाकट्याला. 'बाबांनी हा किनारा तुला दिलाय' हे वाक्य बाबा आहेत तोवर खरं. ते भावांच्या समोर, गावप्रमुखाच्या सहीने कागदावर यायला हवं. आणि हे बोलणं तुम्ही काढायचं नाही. ते पत्नीच्या मामाकडून येऊ द्या. रोटेवर आईच्या भावाला, 'तो-ओ'ला, मोठा मान आहे. लग्न असो की मयत, त्याच्यावाचून पान हलत नाही. आपल्याकडे मामाचं जे स्थान आहे ते पाहता तुम्हाला हे समजायला जड जाणार नाही.

मानाबरोबर देणंही येतं. 'तू-ऊ' म्हणून एक पद्धत आहे. कुणाचं लग्न, वधूमूल्य म्हणजे 'बेलिस', मयत, कधी मुलाचं कॉलेज, असा मोठा खर्च आला की नातेवाईक जमतात आणि प्रत्येक जण वाटा घालतो. कुणी काय दिलं ते लिहून ठेवतात, पुढे आपली वेळ आली की ते परत येतं. विमा कंपनी नसलेल्या बेटावर हाच विमा. पण तुम्ही सिंगापूरहून आलेले जावई. तुमच्याकडून अपेक्षित आकडा वेगळा असणार, आणि पहिली दोन वर्षं तुमच्या दारात माणसं वरचेवर येणार. मी पाहिलेल्या वह्यांत बाहेरून परतलेल्या जोडप्यांचा सर्वात मोठा खर्च घर बांधणं नव्हे, हा होता. नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. वर्षाचा एक आकडा ठरवा, तो पत्नीच्या हाती द्या, आणि तिला ठरवू द्या. तुम्ही हजेरी लावा, रात्रभर बसा, डुक्कर कापायला मदत करा. शाकाहारी असाल तर तसं आधी सांगून ठेवा. लोक हसतील, पण रागावणार नाहीत.

मुलीबद्दल मी स्पष्ट बोलते. 2023 च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात या प्रांतातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास 38 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, देशाची सरासरी 21.5 टक्के असताना. समुद्राकाठच्या गावातही असं होतं, कारण मासळी आणि अंडी विकली जातात आणि पोरांच्या ताटात भात नि मीठ-मिरची राहते. त्यात पाण्याची भर. चुनखडीचं बेट, कोरड्या महिन्यांत विहिरी मचूळ होतात. तुमची मुलगी यात सापडेल असं मला वाटत नाही, तुम्ही तिला अंडं द्याल. पण पाणी सगळ्यांचं एकच. गावात महिन्याला 'पोस्यांदू' भरतं, तिथे मुलांची वजनं होतात. सुईणीचं प्रशिक्षण घेतलेली 'बिदान' असते. ती चांगली असली तर अर्धी चिंता मिटली. जिल्ह्याचं रुग्णालय बाआ या जिल्ह्याच्या ठिकाणी. त्यापुढचं काही लागलं तर कुपांग. जलद बोटीने दोन तास, मोठ्या फेरीने चार. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र खवळला की दोन्ही बंद, कधी सलग कित्येक दिवस. कुणाला नियमित औषधं लागत असतील, किंवा दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर हे महिने डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. आम्ही तर बायकांना सांगतो की बाळंतपणाची तारीख या महिन्यांतली असेल तर आधीच बाआला नातेवाइकांकडे जाऊन राहा.

शाळा प्राथमिकपर्यंत गावात मिळेल. बरेच शिक्षक कंत्राटी, पगार लाजिरवाणा, तरी काही जण जीव ओतून शिकवतात. नशिबाचा भाग आहे. पुढे मोठ्या गावात, मग बाआला, आणि कॉलेज म्हणजे कुपांग. तिथली मुलं बारा-तेराव्या वर्षीच मावशीकडे, काकाकडे राहायला जातात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तुम्हाला वाटेल. मुलीच्या नागरिकत्वाचंही आत्ताच पाहा. इंडोनेशिया 2006 च्या कायद्याने अशा मुलांना 18 पर्यंत दोन्ही नागरिकत्वं ठेवू देतो आणि 21 पर्यंत निवड करायला लावतो, भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. वकिलाला विचारून ओसीआयचा, म्हणजे भारताच्या परदेशस्थ नागरिक कार्डाचा, मार्ग ठरवा.

गावातली तरुण पोरं का जातात, हे तुम्ही लिहिलेल्या 'इथे लोकांना महत्त्वाकांक्षा नाही' या वाक्यासाठी सांगते. महत्त्वाकांक्षा आहे. तिच्यापायी ती कागदपत्रांविना मलेशियात जातात, आणि या प्रांतात वर्षाला शंभरावर मृतदेह तिकडून परत आलेत, कित्येक वर्षं हेच चाललंय. पापेलाकडची पोरं ऑस्ट्रेलियाच्या बाजूला मासेमारीला जात. 1974 च्या करारानुसार इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना अ‍ॅशमोर प्रवाळबेटाच्या परिसरात काही मुभा आहे. मासळी घटली तेव्हा याच पट्ट्यातल्या काहींनी निर्वासितांच्या बोटींवर खलाशी म्हणून काम घेतलं आणि थेट तुरुंगात गेली. अशा इंडोनेशियन खलाशांत अल्पवयीन मुलंही होती. त्यांच्या दाव्यात ऑस्ट्रेलियाने 2023 मध्ये भरपाई मान्य केली. इतका धोका पत्करणाऱ्यांना आळशी म्हणू नका, निदान सासऱ्यांच्या ओट्यावर बसून तरी नको.

गावात राहून काही करता येण्याची शक्यता मात्र दहा वर्षांपूर्वीपेक्षा खूप बरी आहे. 2014 च्या ग्राम कायद्यामुळे 2015 पासून केंद्राचा निधी थेट गावाला येऊ लागला. पुढच्या काही वर्षांत तो गावामागे सरासरी सुमारे एक अब्ज रुपियांवर, आपल्या 50 लाखांवर गेला. त्यातून रस्ते झाले, पाण्याच्या टाक्या झाल्या, काही ठिकाणी गावाची स्वतःची कंपनी शेवाळ खरेदी करू लागली. काही ठिकाणी नुसतं नक्षीदार प्रवेशद्वार झालं. गावप्रमुख निवडून येतो आणि 2024 पासून त्याची मुदत आठ वर्षांची आहे, तेव्हा तुमच्या गावचा कसा आहे ते जाण्याआधी विचारून घ्या. सरपंच नावडता निघाला तर पुढच्या निवडणुकीपर्यंत मुलगी शाळेत पुष्कळ वर जाईल. समुद्राच्या बाबतीत 'पापादाक' हे जुने निर्बंध काही गावांनी पुन्हा जागे केले आहेत: अमुक जागी अमुक दिवस जाळं नाही, वाळू उपसायची नाही, मोडलं तर दंड. असं गाव असेल तर मी जास्त निर्धास्त राहीन, कारण तिथे माणसं अजून एकमेकांचं ऐकतात.

आणि इंटरनेट. मे 2024 पासून इंडोनेशियात स्टारलिंक मिळतं. किनाऱ्यावरच्या गावात बसून सिंगापूरच्या हॉटेलचं बुकिंग किंवा हिशेबाचं काम करणं आज शक्य आहे, वीज गेली तर बॅटरी हवी एवढंच. परदेशी मालकाचं काम तुमच्या परवान्यात बसतं का, हे मात्र आधी इमिग्रेशनमध्ये विचारा.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. दोघांपैकी एकाने बाहेरचं उत्पन्न चालू ठेवायचं, निदान पहिली तीन वर्षं; घरून करण्याजोगं काम मिळालं तर उत्तम, नाहीतर एकाची नोकरी. 30 लाखांतले 20 हात न लावता ठेवायचे: आजारपण, परतीचा प्रवास, मुलीचं शिक्षण. दोऱ्या 50 ने सुरू करायच्या, सासूबाईंच्या दोऱ्यांशेजारी, त्यांच्याच हाताखाली. मका लावायचा, दोन डुकरं घ्यायची. ताडावर चढायचं नाही. तुमचं वय आणि वजन पाहता ते काम मेहुण्याला द्या आणि त्याला काकवीचे पैसे द्या. पावसाचं पाणी साठवायला मोठी टाकी पहिल्याच वर्षी बांधा, घराच्या आधी. होमस्टेचा विषय तिसऱ्या वर्षी.

आणि कायमचं जाण्याआधी एकदा फेब्रुवारीत जाऊन राहा. तुमच्या आजवरच्या भेटी जून ते ऑगस्टमधल्या आहेत असं तुम्हीच लिहिलं आहे. तेव्हा काकवीची मडकी भरत असतात, ऊन कोरडं असतं, बोटी वेळेवर असतात. फेब्रुवारीत फेरी बंद असताना दुकानात काय उरतं, बाटलीतलं पेट्रोल कितीला मिळतं, घरात आठ माणसं दिवसभर कशी बसतात, हे पत्नीला माहीत आहे. तिने तुम्हाला काय सांगितलं ते तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून तिचंही म्हणणं कळवा. तिला खरंच परत जायचंय का, की तुम्हाला जायचंय म्हणून ती हो म्हणतेय? सोबत गावापासून लाट किती लांब, किनाऱ्याची जमीन कुणाच्या नावावर, भाऊ किती आणि मालमत्तेचा करार झालाय का, एवढं लिहा. मग दोऱ्यांचा आणि टाकीचा नीट हिशेब मांडून देते.